जगण्यातला राम कोणी ठरवायचा? पार्स यांचा शुश्रूषा-सिद्धान्त वॉर्डमध्ये कसा वापरावा

मिरज-सांगलीच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात चार महिने ड्यूटी केलेल्या परिचारिकेने हे वाक्य ऐकलेले असतेच: "सिस्टर, आता यात काही राम उरला नाही." त्या वेळी शेजारच्या खाटेचे सलाईन संपत आलेले असते, दुपारची इंजेक्शने द्यायची राहिलेली असतात, म्हणून आपण "असं म्हणायचं नाही आजोबा, लवकर बरे व्हाल" असे सांगतो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. हेतू चांगलाच असतो. परंतु आपले जगणे आज कसे चालले आहे हे जो माणूस स्वतःच्या शब्दांत सांगू लागला होता, त्याचे बोलणे त्या उत्तराने तिथेच तुटते. अशा वाक्यानंतर परिचारिकेने नेमके काय करावे, हे पायरीपायरीने सांगण्यासाठी हा लेख आहे. जीएनएम (परिचारिकांची पदविका) आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवताना माझ्या लक्षात आले की पार्स यांचा शुश्रूषा-सिद्धान्त त्यांना परीक्षेपुरता पाठ असतो, मात्र खाटेजवळ गेल्यावर त्याचे काय करायचे हे कोणी दाखवलेले नसते.

सिद्धान्त काय म्हणतो

अमेरिकी परिचारिका आणि अभ्यासक रोझमेरी रिझो पार्स यांनी 1981 मध्ये ‘मॅन-लिव्हिंग-हेल्थ’ या पुस्तकातून आपला सिद्धान्त मांडला. ‘मॅन’ हा शब्द पुढे केवळ पुरुषवाचक समजला जाऊ लागल्यामुळे त्यांनी 1992 मध्ये त्याचे नाव ‘ह्यूमन बिकमिंग’ असे केले आणि 2007 मध्ये ते दोन शब्द जोडून एक केला, कारण माणूस आणि त्याचे घडत राहणे या दोन निराळ्या गोष्टी नाहीत असे त्यांचे म्हणणे होते. माणसाकडे अवयवांची बेरीज म्हणून न पाहता अखंड रूपात पाहावे, हा विचार त्यांनी मार्था रॉजर्स यांच्याकडून घेतला, तर जगणाऱ्याला स्वतःच्या अनुभवाचा जो अर्थ लागतो तो प्रमाण मानण्याची दृष्टी हायडेगर, सार्त्र आणि मेर्लो-पाँती या युरोपीय तत्त्वज्ञांकडून आली. पार्स यांच्याही आधी, 1976 मध्ये, जोसेफिन पॅटरसन आणि लोरेटा झडेराड यांनी शुश्रूषा म्हणजे दोन माणसांमध्ये प्रत्यक्ष घडणारा संवाद अशी मांडणी केली होती. विद्यार्थिनी परीक्षेत या दोन सिद्धान्तांची नेहमी गल्लत करतात, म्हणून दोन्हींची साले लक्षात ठेवलेली बरी.

पार्स यांच्या मांडणीत तीन सूत्रे आहेत. पहिले अर्थ: घडणाऱ्या गोष्टीचा अर्थ माणूस स्वतः लावतो, आणि एकच आजार दोन माणसांसाठी एक असत नाही. दुसरे लय: बोलणे आणि लपवणे, जवळ येणे आणि दूर राहणे, एक वाट मोकळी होताना दुसरी बंद होणे, अशा परस्परविरुद्ध वाटणाऱ्या गोष्टी माणूस एकाच वेळी जगत असतो. तिसरे पलीकडे जाणे: आज आहे त्याच्या पुढचे काहीतरी माणूस कल्पितो आणि त्या दिशेने सरकतो. या तिन्हींना अनुसरून परिचारिकेच्या सहवासात तीन गोष्टी घडतात. माणूस आपला अर्थ बोलून उलगडतो, परिचारिका त्याच्या लयीबरोबर थांबते, आणि त्याला स्वतःला दिसलेल्या वाटेने तो पुढे जातो.

या सगळ्याचे उद्दिष्ट पार्स जीवनाची गुणवत्ता असे सांगतात, मात्र ती कोण ठरवणार याबाबत त्या ठाम आहेत: जो जगतो तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या 26 प्रश्नांच्या प्रश्नावलीतही उत्तर रुग्णच देतो, परंतु प्रश्न आधी ठरलेले असतात आणि शेवटी हाती आकडा येतो. पार्स यांच्या पद्धतीत प्रश्नही जवळपास रुग्णाच्या हाती असतो. दोन्हींचा उपयोग आहे. शंभर रुग्णांची तुलना करायची असेल तर आकडा लागतो आणि समोरच्या एका माणसाची सेवा करायची असेल तर त्याची गोष्ट लागते.

शब्दांबद्दल एक सूचना. पार्स ज्याला खरी उपस्थिती म्हणतात त्यासाठी मी वर्गात ‘सोबत’ हा शब्द वापरते, कारण उपस्थिती म्हटले की आपल्याकडे हजेरीपट आठवतो. आणि ‘जीवनाची गुणवत्ता’ हे शब्द रुग्णासमोर कधीही उच्चारू नयेत. त्यासाठी आपल्या माणसांकडे ‘राम’ आहे, ‘गोडी’ आहे, ‘निभतंय’ आहे.

पहिली पायरी: खाटेजवळ जाण्याआधी हात रिकामे करणे

ड्यूटी बदलताना आपण रुग्णाविषयी जे ऐकतो त्यात माहितीबरोबर शिक्केही असतात. "बारा नंबर, पॅरालिसिस, फार चिडका", "सोळा नंबर, नातेवाईक कटकटे". माहिती घ्यावी आणि शिक्का दाराबाहेर ठेवावा. केसपेपर वाचणे, औषधांच्या वेळा पाहणे, रक्ताचे रिपोर्ट तपासणे हे सगळे आधीच उरकावे, म्हणजे खाटेजवळ गेल्यावर डोके त्यात अडकून राहत नाही. त्यानंतर दारात एक श्वास घेण्याइतके थांबून स्वतःला विचारावे की या माणसाला काहीतरी पटवून देण्याचा किंवा त्याला सुधारण्याचा विचार आत्ता माझ्या मनात आहे का. असेल तर तो पुसून टाकता येत नाही, परंतु तो आहे हे माहीत असले तरी पुरते.

दुसरी पायरी: वेळ शोधणे

"चाळीस खाटांना दोघी जणी, सोबत करायला वेळ कुठून आणायचा?" हा प्रश्न मला प्रत्येक तुकडी विचारते आणि तो रास्त आहे. मनुष्यबळाची कमतरता कोणत्याही सिद्धान्ताने भरून निघत नाही, आणि सोबतीच्या नावाखाली ती झाकण्याला माझा विरोध आहे. तरीही हाताने चालू असलेली काही कामे अशी असतात की ज्यांत कान मोकळे असतात: जखमेचे ड्रेसिंग, स्पंजिंग, वेणी घालून देणे, पाठीला मालीश करणे, दर दोन तासांनी कूस बदलणे. एका ड्रेसिंगला दहा मिनिटे लागतात, आणि ती दहा मिनिटे आपण बहुधा सहकारी सिस्टरशी रजेबद्दल बोलण्यात घालवतो. ती रुग्णाला द्यावीत.

आपल्याकडच्या वॉर्डात याचा आणखी एक फायदा होतो. ड्रेसिंगसाठी पडदा ओढला की नातेवाईक बाहेर जातात. सासू उशाशी बसलेली असताना "बरं आहे" यापलीकडे एक शब्दही न बोलणारी सून पडद्याआड बोलू लागते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

तिसरी पायरी: पहिला प्रश्न

"बरं वाटतंय ना?" हा प्रश्न टाळावा, कारण त्या ‘ना’मध्ये उत्तर आधीच भरलेले असते. "झोप लागली का, जेवण गेलं का, पोट साफ झालं का" हे प्रश्न आवश्यक आहेत, परंतु ते शरीराची चौकशी करतात. सोबतीसाठी असा प्रश्न हवा की ज्याचे उत्तर हो-नाहीत संपत नाही आणि जो कोणतीही दिशा सुचवत नाही. "हे दिवस तुम्हाला कसे चाललेत, सांगाल का?" हा मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. "या सगळ्यात तुम्हाला जास्त काय लागून राहिलंय?" हाही चालतो. आणि एखाद्याने राम उरला नाही असे म्हटलेच, तर सांत्वन न करता त्याचाच शब्द त्याच्यापुढे ठेवावा: "राम कशात वाटत होता, आजोबा?"

उदाहरण म्हणून मिरजेतील एक सतारमेकर घेऊ. पक्षाघाताने उजवा हात गेलेला, वय पासष्टच्या पुढे, आणि ड्यूटीच्या वहीत चिडका अशी ख्याती झालेली. फिजिओथेरपीला तो नकार देतो म्हणून सगळे त्याला समजावून थकलेले आहेत. वरचा प्रश्न विचारल्यावर तो आधी काहीच बोलत नाही आणि मग सांगतो की तंबोऱ्याचा भोपळा कोणीही निवडेल, लाकूड कोणीही तासेल, परंतु घोडीवर जवारी काढायला, म्हणजे तार झणकारेल अशी घोडी घासायला, चाळीस वर्षांचा हात लागतो आणि तो हात आता चमचाही धरत नाही. इथे परिचारिकेने "हळूहळू येईल हात" असे म्हणायचे नाही, कारण हात येईल की नाही हे तिला माहीत नसते, आणि तिला ते माहीत नाही हे त्यालाही कळते. तिने एवढेच विचारावे: "जवारी बरोबर निघाली हे कसं कळतं?" तो म्हणेल, "कानानं." हे तिने त्याला शिकवलेले नाही, स्वतःच्या कामाबद्दल बोलता बोलता ते त्याचे त्यालाच ऐकू आले आहे. पार्स ज्याला अर्थ उलगडणे म्हणतात ते एवढ्याशा बोलण्यात घडते.

पुष्कळदा रुग्णाचा अर्थ आजाराच्या आसपासही नसतो. कृष्णाकाठच्या अनेक रुग्णांचे कालमापन अजूनही ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुरानंतर’ असे आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले, 2021 मध्ये पुन्हा पूर आला, आणि एखाद्या मावशींच्या सांगण्यानुसार त्यांचा मधुमेह म्हशी वाहून गेल्या त्या रात्री सुरू झाला. वैद्यकीयदृष्ट्या ते बरोबर आहे की नाही हा वाद तिथे घालू नये. औषध, पथ्य आणि तपासणी यांबाबत जे सांगायचे ते सांगावे, आणि म्हशींबद्दल ऐकून घ्यावे.

चौथी पायरी: लयीबरोबर थांबणे

ही पायरी सर्वांत अवघड आहे, कारण इथे काहीच करायचे नसते. रुग्ण एका वाक्यात घरी जायचे म्हणतो आणि दुसऱ्या वाक्यात घरी कोणाला भार होऊ नये म्हणतो. आपला हात लगेच त्यातले एक वाक्य निवडून प्रश्न सोडवायला शिवशिवतो. पार्स यांच्या दृष्टीने तो सोडवण्याचा प्रश्नच नसतो; दोन्ही वाक्ये खरी असतात आणि माणूस दोन्ही जगत असतो. आपण दोन्ही ऐकली आहेत हे त्याला कळले की बहुतेक वेळा तोच पुढे बोलतो.

मौनही सोबतच आहे. मिरजेला अथणी, जमखंडी, विजापूरकडून कन्नड बोलणारे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. 1890च्या दशकात विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभे केले तेव्हापासून या गावाला दोन भाषांच्या रुग्णांची सवय आहे. ज्या परिचारिकेला ‘हेगिद्दीरी’ (कसे आहात) यापलीकडे कन्नड येत नाही तिनेही नाडी मोजून झाल्यावर हात लगेच न सोडता, घड्याळाकडे न पाहता दोन मिनिटे बसावे. उपचार, संमती आणि धोक्याची लक्षणे यांसाठी मात्र दुभाषी हवाच. तिथे मौन आणि हातवारे यांवर काम भागवणे हा निष्काळजीपणा ठरतो.

आता आपल्याकडचा खरा पेच. "सिस्टर, अण्णांना कॅन्सर आहे हे सांगू नका" असे मुलगा जिन्यात गाठून सांगतो, आणि त्याच दिवशी अण्णा ड्रेसिंगच्या वेळी म्हणतात, "पोरं काही सांगत न्हाईत, मीबी इचारत न्हाई. त्यांला कशाला तरास?" उघड करणे आणि लपवणे या जोडीबद्दल पार्स जे लिहितात ते समजून घ्यायला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. सगळ्यांना माहीत आहे, सगळे लपवत आहेत, आणि लपवण्यातच माया आहे.

अशा वेळी काय करावे? निदान स्वतःहून सांगू नये, कारण ते काम उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे आहे. खोटेही बोलू नये. "साधी गाठ आहे" हे वाक्य एकदा तोंडातून गेले की पुढची प्रत्येक सोबत पोकळ होते. रुग्णाला विचारावे, "तुम्हाला आतापर्यंत काय समजलंय, आणि अजून काय जाणून घ्यावंसं वाटतं?" त्याला जाणून घ्यायचे नसेल तर तेही त्याचेच उत्तर आहे आणि ते मानावे. जाणून घ्यायचे असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालावे, वहीत नोंदवावे आणि मुलाला आडवळणाने न सांगता समोर बसवून सांगावे की अण्णा विचारत आहेत. मुलाला दोषी ठरवू नये. त्यालाही कोणीतरी "तुमचं कसं चाललंय?" असे विचारायला हवे असते. पार्स यांचा सिद्धान्त कुटुंबालाही लागू होतो, हे आपण एकट्या रुग्णाच्या मागे लागून विसरतो.

पाचवी पायरी: पलीकडची वाट रुग्णाला काढू देणे

इथे ध्येय परिचारिकेने ठरवायचे नाही, परंतु वाटेतले अडथळे दूर करण्यासाठी तिचे ज्ञान पुरेपूर वापरायचे आहे. समजा, फलटण तालुक्यातील एक वारकरी सातारला आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतात. वीस वर्षे पायी वारी केलेला माणूस, आणि त्यांच्या जगण्याची प्रत ते एका वाक्यात सांगतात: "वारी चुकली." माऊलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम होतो, चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, तरडगाव करून फलटणला येते, हे सगळे ते डोळे मिटून सांगू शकतात. "पुढच्या वर्षी जाल" हे सांत्वन इथे निरर्थक आहे. "यंदा वारी कशी व्हावी असं तुम्हाला वाटतं?" असे विचारल्यावर ते बराच वेळ विचार करून म्हणतील की चालणे जमणार नाही, परंतु पालखी फलटणला येईल त्या दिवशी रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसता येईल.

त्यानंतरचे काम परिचारिकेचे आहे. त्या आठवड्यातील डायलिसिसचा वार पालखीच्या दिवसावर येत असेल तर तो बदलता येईल का, हे नेफ्रॉलॉजिस्ट (मूत्रपिंडतज्ज्ञ) आणि डायलिसिस टेक्निशियन यांना आधीच विचारावे. दोन डायलिसिसमधले अंतर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वाढवू नये. वाटेवर प्रत्येक जण प्रेमाने चहा, पाणी आणि केळी हातात ठेवतो. पाण्याचे प्रमाण ठरलेले असते आणि केळ्यात पोटॅशियम भरपूर असते, म्हणून प्रसादाला नाही कसे म्हणायचे हे त्यांच्याशीच बोलून ठरवावे. बहुतेक वारकऱ्यांना त्यावर तोडगा माहीत असतो: कपाळाला लावून शेजारच्याला द्यायचे. सुजेवर, धापेवर आणि फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर लक्ष ठेवायला घरच्या कोणाला तरी शिकवावे.

काही वेळा रुग्णाला दिसलेली वाट आपल्याला पटत नाही. एखादे आजोबा शस्त्रक्रिया नको, ऊसतोडीच्या हंगामात घरी असायला हवे असे म्हणतात. धोका काय आहे हे डॉक्टरांनी आणि आपण स्पष्ट, सोप्या शब्दांत सांगावे, त्यांना समजल्याची खात्री करावी, आणि त्यानंतरही निर्णय तोच राहिला तर तोंड फिरवू नये. नकार देणाऱ्या रुग्णाच्या खाटेकडे जाणे आपण नकळत कमी करतो. विद्यार्थिनींना मी एका आठवड्याच्या नोंदी मोजून पाहायला लावते, तेव्हा त्या स्वतःच चकित होतात.

कुठे थांबायचे

रुग्णाला धाप लागली आहे, बीपी उतरले आहे, रक्तस्राव होतो आहे, तर सोबतीचे प्रश्न विचारू नयेत. तिथे ऑक्सिजन, हाक आणि धावपळ हीच शुश्रूषा. वेदनेने तळमळणाऱ्या माणसाला आधी वेदनाशामक मिळाले पाहिजे, त्याच्या वेदनेचा अर्थ नंतर. आणि ‘राम उरला नाही’ याचा रोख स्वतःला संपवण्याकडे आहे अशी शंका आली तर सरळ विचारावे: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी असेल तर रुग्णाला एकटे सोडू नये, डॉक्टरांना त्वरित कळवावे, आणि "कोणाला सांगू नका सिस्टर" हे वचन देऊ नये. घरी गेलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा विनामूल्य क्रमांक लिहून द्यावा.

पार्स यांचा नर्सिंग डायग्नोसिसच्या साच्याला, म्हणजे रुग्णाची अडचण ठरावीक नावांत बसवण्याला, विरोध आहे, तर आपल्या अभ्यासक्रमात आणि तपासणीत नर्सिंग प्रोसेस, म्हणजे पाहणी, निदान, नियोजन अशा ठरलेल्या टप्प्यांची पद्धत, लागतेच. माझ्या मते यातून वाट काढताना तत्त्वज्ञान फार ताणू नये. केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) नियमाप्रमाणे भरावा आणि त्याच पानावर रुग्णाच्या शब्दांसाठी जागा ठेवावी. काटेकोर पार्सवाद्यांना ही तडजोड पटणार नाही.

सहावी पायरी: नोंद आणि हँडओव्हर

‘रुग्ण निराश, समजूत घातली’ अशा नोंदीतून पुढच्या सिस्टरला काहीही कळत नाही. रुग्णाचे एक वाक्य जसेच्या तसे, त्याला काय हवे आहे ते एका ओळीत, आणि आपण काय केले ते एका ओळीत, एवढे पुरते. खाजगी तपशील, घरातले वाद, पैशाची देवघेव नोंदीत घालू नयेत, कारण ती वही अनेकांच्या हाती जाते. रुग्णाला विचारून लिहिणे उत्तम: "हे पुढच्या सिस्टरला सांगू का?" सतारमेकरांच्या बाबतीत रात्रपाळीला दिलेला हँडओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना सांगायची माहिती, असा असेल:

"बारा नंबर. बीपी 140/90, गोळ्या दिल्या, कूस आठ वाजता बदलली. ‘हात गेला, कान हाय’ असं म्हणाले. मुलगा उद्या संध्याकाळी पाच वाजता तंबोरा घेऊन येणार आहे, तो लावून घ्यायचा आहे म्हणतात. मेट्रन मॅडमची आणि शेजारच्या दोन खाटांची परवानगी घेतली आहे. फिजिओची वेळ त्यांनी स्वतः चारची मागितली आहे."